तिसऱ्या मजल्यावरची दुपार

चिकू २७ मेच्या रात्री ९ वाजून ४० मिनिटांनी गेला. पाच वर्षांचा पग, वजन ११ किलो ४०० ग्रॅम. नागपुरातल्या एका दवाखान्यात, सलाइन चालू असताना. घरची माणसं, म्हणजे माझी मावसबहीण, भाऊजी आणि आठवीतली भाची, त्या वेळी शिमल्याच्या हॉटेलात होती.

खालच्या वेळा फोनमधल्या मेसेजवरून, सोसायटीच्या ग्रुपवरून, दवाखान्याच्या केसपेपरवरून आणि चौघांच्या सांगण्यावरून लावल्या आहेत. त्या चौघांपैकी कुणीही निष्काळजी नव्हतं. नुसत्या वेळा वाचल्या तर तसं वाटेल, म्हणून हे आधी लिहितो.

२६ एप्रिल, रात्री ९:१५

तिकिटं काढली. २५ मेला नागपूर ते दिल्ली विमान, २७ला कालका ते शिमला छोटी गाडी, ३१ला परत. चिकूचं काय करायचं, हा विषय तिकिटं झाल्यावर निघाला.

भाची म्हणाली, त्याला घेऊन जाऊ. भाऊजींनी रेल्वेचा नियम काढला. पहिल्या वर्गाचा अख्खा कूपे आपल्या नावावर असेल तरच कुत्रा सोबत नेता येतो, नाहीतर गार्डच्या डब्यातल्या पिंजऱ्यात. मे महिन्यात लोखंडी पिंजरा नको, असं सगळ्यांनीच ठरवलं. हा निर्णय बरोबर होता. उन्हाचा विचार या घरात त्या रात्री झाला होता, आणि तो प्रवासापुरता झाला.

२ मे, दुपारी १२:३०

गावाबाहेरच्या एका श्वानगृहाला फोन. तिथल्या बाईंनी जात, वय, वजन आणि लसीचं पुस्तक विचारलं. मग म्हणाल्या, "ताई, मे महिन्यात पग आम्ही एसीच्या खोलीतच घेतो. ती एकच खोली आहे आणि ती भरली."

बहिणीने भाऊजींना सांगितलं, "जागा नाही म्हणे."

बाईंनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. दुसरीच घरी पोचली.

पहिली गोष्ट अशी. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही. पंजाच्या गाद्यांना येतो तेवढाच. हवा तापलेली असली की बाकीची बहुतेक उष्णता तो धापा टाकून, जिभेवरचं आणि नाकातलं पाणी वाफ करून बाहेर काढतो. पगचं नाक चपटं, नाकपुड्या अरुंद, टाळूचा मऊ भाग घशाच्या मानाने लांब. श्वासाची वाटच चिंचोळी. जोरात धापा टाकल्या की घसा सुजतो, वाट आणखी आवळते, आणि श्वास ओढायला जे बळ लागतं त्यानेच अंग अधिक तापतं. ब्रिटनमध्ये २०१६ साली दवाखान्यांत नोंद झालेल्या नऊ लाखांवर कुत्र्यांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. लॅब्राडोरच्या तुलनेत पगला उष्माघात होण्याची शक्यता तिपटीहून जास्त निघाली. हा ब्रिटनचा उन्हाळा. नागपुरात २३ मे २०१३ला पारा ४७.९ अंशांवर गेला होता.

२००३मधल्या हच मोबाइलच्या जाहिरातीनंतर आपल्याकडे घरोघरी पग आले. ते लहान असतात, फ्लॅटमध्ये मावतात, फार भुंकत नाहीत. त्यांच्या नाकाबद्दल त्या वेळी कुणी फारसं बोललं नाही.

१० मे, संध्याकाळी ७:००

वार्षिक लस. डॉक्टरांनी चिकूला काट्यावर ठेवलं. पगचं वजन साधारण सहा ते आठ किलो असावं. काटा ११.४ वर थांबला. त्यांनी पुस्तकात दोन ओळी लिहिल्या: वजन कमी करा. दुपारी एसीत ठेवा.

घरी आल्यावर चिकूची संध्याकाळची पोळी बंद झाली. दुसरी ओळ घरात आधीच पाळली जात होती, म्हणून तिच्यावर बोलणं झालं नाही. बहीण दुपारी बेडरूममध्ये एसी लावून पडायची आणि चिकू तिच्या पायाशी.

१८ मे, रात्री ८:००

माणूस मिळाला. शेजारच्या विंगमधला मुलगा, एकोणीस वर्षांचा, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा. चिकू त्याला ओळखत होता. दिवसाचे ३०० रुपये ठरले. त्याने आधी नको म्हटलं, भाऊजींनी आग्रह केला. सकाळी ७ आणि संध्याकाळी ७, दोन फेऱ्या. मधले बारा तास चिकू घरात एकटा.

रंगीत तालीम म्हणून तो त्याच रात्री चिकूला फिरवून आला, जेवायला घातलं, अर्धा तास बसला. सगळं नीट झालं. तालीम रात्री आठला झाली होती.

२४ मे, रात्री १०:३०

बॅगा भरून झाल्या. फ्रिजवर कागद लागला. त्यात अकरा सूचना. दाणे किती, वाटी कुठली, कान कधी पुसायचे, कूलरच्या टाकीत दोन बादल्या पाणी, कचऱ्याची पिशवी, पेपरवाला. सूचना काळजीने लिहिलेल्या आहेत, दोन ठिकाणी भाचीच्या अक्षरात भर आहे. डॉक्टरांचा नंबर कागदावर नाही. तो बहिणीच्या फोनमध्ये होता.

याच रात्री आणखी तीन गोष्टी ठरल्या. प्रत्येकीला अर्धं मिनिटही लागलं नसेल.

बेडरूमला कुलूप लावायचं. कपाटात दागिने होते आणि घराची किल्ली पहिल्यांदाच बाहेरच्या माणसाकडे जात होती. एसी बेडरूममध्ये होता.

हॉलच्या खिडक्या आणि गच्चीचं दार बंद ठेवायचं. गच्चीतून मांजर येतं आणि चिकू त्याच्यामागे कठड्यावर चढायला बघतो.

किल्ल्या दोनच. एक मुलाकडे, एक बहिणीच्या पर्समध्ये.

कूलर चालू राहणार होता, त्यामुळे घर थंड राहील असं वाटलं. पण कूलर बाहेरची कोरडी हवा ओल्या टट्टीतून ओढून आत टाकतो. ती हवा दुसरीकडून निघून गेली तरच तो काम करतो. खिडक्या बंद असतील तर खोली थोडी गार होते आणि फार दमट होते. विदर्भातल्या कुठल्याही घरात हे माहीत असतं, एक खिडकी फटभर उघडी ठेवायला कुणाला शिकवावं लागत नाही. त्या रात्री मांजर आडवं आलं. आणि दमट हवेत जिभेवरच्या पाण्याची वाफ नीट होत नाही. अशा उन्हाळ्यात कुत्र्याजवळ गार होण्याचा तोच मुख्य उपाय असतो.

२७ मे, सकाळी ८:१०

१३ तास ३० मिनिटं उरली होती.

नवतपाचा, म्हणजे उन्हाळ्यातल्या त्या तापत्या नऊ दिवसांतला, तिसरा दिवस. सूर्य साडेपाचलाच उगवला होता. मुलगा सातऐवजी आठला आला, कारण रात्री दोनपर्यंत जागून अभ्यास केला होता. पंचवीस मिनिटं फिरवलं. डांबर तापायला लागलं होतं, परतताना चिकू दोनदा बसला.

सकाळी ८:४१

मुलाने फोटो पाठवला. चिकू हॉलच्या फरशीवर पोट टेकून, मागचे पाय पसरून पडलाय. जीभ पूर्ण बाहेर, टोकाशी रुंद आणि पसरट. चंदीगडच्या हॉटेलातून भाचीने उत्तर दिलं, "हसतोय बघा कसा!"

कुत्रा खूप तापला की त्याची जीभ टोकाशी अशी पसरते आणि तोंडाचे कोपरे मागे ओढले जातात. तो चेहरा हसऱ्यासारखाच दिसतो. हे मला त्या दिवसानंतर कळलं आणि तेव्हापासून मी भेटेल त्याला सांगतो.

सकाळी ९:०५

टाकीत दोन बादल्या पाणी. स्टीलच्या वाडग्यात लिटरभर पाणी. कूलर तीनवर. दाराला कुलूप. मुलगा अभ्यासिकेत गेला. अभ्यासिका २.३ किलोमीटरवर, मोटरसायकलने आठ मिनिटं. आत फोन सायलेंट ठेवावा लागतो.

सकाळी ११:४०

लाईन गेली.

बरोबर दहा तास उरले होते.

सकाळी ११:५२

सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज: "फीडरमध्ये फॉल्ट आहे. दोन वाजतील." खाली सतरा जणांची उत्तरं. मुलगा या ग्रुपमध्ये नव्हता. त्यात फक्त घरमालक आणि भाडेकरू होते, त्याचे वडील होते. वडील कामावर होते.

दुपारी १२:०३

कालका स्टेशन. बहिणीने ग्रुप उघडला. लगेच मुलाला फोन केला. उचलला नाही. पुन्हा केला. १२:०८ला मेसेज केला: "बेटा लाईन गेली म्हणे घरची. जमेल तसं जाऊन बघ ना जरा."

त्यानंतर गाडी सुटली. कालका ते शिमला ९६ किलोमीटर, शंभरावर बोगदे. डोंगरात फोन कधी लागतो, कधी नाही.

"जमेल तसं" हे तिने परक्याच्या मुलाला त्रास नको म्हणून लिहिलं. आपल्याकडे अशीच विनंती करतात.

दुपारी १२:४४

मुलाने मेसेज पाहिला. "हो काकू. डबा खाऊन जातो." उत्तर पोहोचलं की नाही ते दिसेना, बहिणीकडे नेटवर्क नव्हतं. डब्याआधी एक टेस्ट होती, दीड तासाची, एकला सुरू होणारी. दोनला लाईन येणारच आहे, असा त्याने हिशेब केला.

दुपारी १:२०

दुसऱ्या मजल्यावरच्या आजी पाण्याची बाटली भरायला उठल्या. पंखे बंद असल्याने इमारत शांत होती, म्हणून त्यांना ऐकू आलं. वर कुणीतरी दार खरवडत होतं.

त्या जिना चढून गेल्या. वय ७४. दाराला कान लावला. "चिकू, बाळा," म्हणून हाक मारली. खरवडणं वाढलं. आतून घोरल्यासारखा, घासत जाणारा श्वास ऐकू येत होता. चिकू झोपेत एरवीही घोरतो, सगळ्या मजल्यांना ते माहीत होतं.

आजींनी चौकीदाराला बोलावलं. त्याच्याकडे किल्ली नव्हती. बहिणीला फोन लावला, लागला नाही. मुलाचा नंबर दोघांकडेही नव्हता. आजी खाली गेल्या, तांब्याभर माठातलं पाणी आणलं आणि दाराखालच्या फटीतून आत ओतलं. आत चाटल्याचा आवाज आला, असं त्या सांगतात. त्यांनी तीनदा पाणी ओतलं.

त्या दिवशी चिकूसाठी कुणी योग्य वेळी काही केलं असेल तर ते आजींनी.

आत काय चाललं होतं ते कुणी पाहिलं नाही. शरीर कसं चालतं एवढंच सांगता येतं. कुत्र्याचं साधं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. १०५.८, म्हणजे ४१ सेल्सिअसच्या वर गेलं की उष्माघात. १०९च्या पुढे आतडी, मूत्रपिंड, यकृत, मेंदू यांच्या पेशी मरायला लागतात, रक्त गोठण्याची घडी बिघडते. तिसरा मजला शेवटचा, वर नुसता स्लॅब. पश्चिमेची भिंत दुपारनंतर तापायला लागते. कूलरने अडीच तास भरलेला दमटपणा बंद खोलीत तसाच होता.

दुपारी २:०५

लाईन आली. ग्रुपवर मेसेज: "आली." इमारतीतले सगळे कूलर एकदम सुरू झाले. आजींचाही. त्या आवाजात वरचं काही ऐकू येणं शक्य नव्हतं. चिकूचाही कूलर लागला असणार, असं त्यांना वाटलं आणि त्या आडव्या झाल्या.

लाईन येताना दाब वरखाली झाला. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटचा एमसीबी पडला. तो घराच्या आत, दाराच्या मागे होता.

दुपारी २:४५

टेस्ट संपली होती. डबा न खाताच मुलगा निघाला. तोंडाला दुपट्टा बांधला, गाडीची किल्ली लावली. आठ मिनिटांचा रस्ता.

दुपारी २:५३

बडोगचा बोगदा, क्रमांक ३३, एक किलोमीटरहून लांब. तो ओलांडला की बडोग स्टेशन लागतं आणि गाडी तिथे थांबते. बहिणीच्या फोनला नेटवर्क आलं. एकदम सगळे मेसेज आले. फॉल्ट, दोन वाजतील, सतरा उत्तरं, आजींचे दोन मिस्ड कॉल, मुलाचं "डबा खाऊन जातो", आणि सर्वांत खाली: "आली."

तिने लिहिलं: "बेटा लाईन आली बघ. आता उन्हाचा नको जाऊ, संध्याकाळीच जा. तू पण जप."

मुलगा अभ्यासिकेच्या पार्किंगमध्ये होता. गाडी सुरू होती. त्याने मेसेज वाचला, गाडी बंद केली आणि वर जाऊन डबा उघडला.

६ तास ४७ मिनिटं उरली होती. पारा ४५च्या घरात होता. तीन वाजता किंवा दोन-चार मिनिटं उशिरा ते दार उघडलं असतं.

आजींच्या मिस्ड कॉलवर बहिणीने परत फोन लावला. रिंग वाजली. आजी झोपल्या होत्या.

दुपारी ४:१०

नोंद नाही. ग्रुपवर कुणीतरी टँकरची वेळ विचारली.

संध्याकाळी ५:३४

सातला जायचं होतं. मुलगा साडेपाचलाच पोचला. मन लागेना, एवढंच तो म्हणतो.

चिकू दाराच्या आत, उंबऱ्याला लागून, कुशीवर पडला होता. फटीतून आलेलं पाणी सुकलं होतं. वाडगं पालथं. फरशीवर रक्तमिश्रित जुलाब. हिरड्या विटेसारख्या लाल. श्वास होता. हाक मारली तर डोळे हलले नाहीत.

मुलाने फ्रिजवरचा कागद वाचला. अकरा सूचना. डॉक्टर नाहीत. बहिणीला फोन केला. गाडी शिमल्यात शिरत होती, तिसऱ्या वेळी लागला. तिने नंबर दिला. दवाखाना साडेसहाला उघडतो. मग तिने मला फोन केला. मी वर्ध्याला होतो, पाऊणशे किलोमीटरवर. मी निघालो.

मुलाने टॉवेल भिजवला, चिकूला त्यात घट्ट गुंडाळला आणि खाली धावला.

माणसाला ऊन लागलं की आपण ओलं फडकं ठेवतो. त्याने तेच केलं. पण अंगाला गुंडाळलेला ओला टॉवेल काही मिनिटांत गरम होतो आणि उष्णता आत कोंडतो. तापलेल्या कुत्र्याला आधी तिथल्या तिथे गार करायचं असतं आणि मग हलवायचं. नळाखाली किंवा बादलीने अंगभर साधं पाणी, केस बाजूला करून कातडीपर्यंत, आणि समोर पंखा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही. बाथरूम सहा पावलांवर होती. हे बाराव्या सूचनेत लिहिता आलं असतं, आणि एकोणीस वर्षांच्या त्या मुलाने ते अक्षरशः पाळलं असतं.

संध्याकाळी ५:५०

ऑटो. दोन रिक्षावाल्यांनी कुत्रा बघून नाही म्हटलं, तिसरा थांबला. हवा गरम, टॉवेल गरम.

संध्याकाळी ६:२०

डॉक्टर फोन येताच निघाले होते, दवाखाना दहा मिनिटं लवकर उघडला. गुदद्वारातलं तापमान १०८.४. टॉवेल काढला. पाणी, दोन पंखे, सलाइन, ऑक्सिजन. वीस मिनिटांत १०५, अर्ध्या तासात १०३.५. तिथे पाणी थांबवलं, नाहीतर शरीर उलटं फार थंड पडतं.

मुलगा कोपऱ्यात उभा होता. त्याने विचारलं, "उतरला ना ताप?" डॉक्टर म्हणाले, "ताप उतरला. आत काय झालंय ते आता दिसेल."

इस्रायलमधल्या पशुवैद्यांनी उष्माघात झालेल्या ५४ कुत्र्यांचा अभ्यास २००६ मध्ये मांडला होता. त्यातली निम्मी दगावली. दीड तासापेक्षा उशिरा आलेली, लठ्ठ, आणि ज्यांना झटके आले किंवा रक्त गोठण्याचं बिघडलं, ती जास्त.

संध्याकाळी ७:३५

पहिला झटका. दोन मिनिटं.

रात्री ८:१५

मी पोचलो. चिकूच्या पोटावर, जिथे केस विरळ असतात तिथे, लाल-जांभळे ठिपके उठले होते. सुई टोचलेल्या जागेतून रक्त थांबत नव्हतं. डॉक्टरांनी ठिपक्यांकडे बोट केलं, काही बोलले नाहीत.

शिमल्याहून दर दहा मिनिटांनी फोन येत होता. भाचीने व्हिडिओ लावायला सांगितला. भाऊजींनी नको म्हटलं.

रात्री ९:०५

दुसरा झटका. औषधाने थांबला नाही.

रात्री ९:४०

डॉक्टरांनी केसपेपरवर वेळ टाकली. कारण: उष्माघात. खाली आपली सही केली आणि मुलाला म्हणाले, "तू आणलंस म्हणून चार तास मिळाले." मुलाने मान हलवली. त्याच्या खिशात अजून घराची किल्ली होती.

रात्री ९:५८

मी बहिणीला सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारलं, "दादा, मी त्याला जाऊ नको म्हटलं, तेव्हा चिकू कसा असेल?"

मी फोन डॉक्टरांना दिला. ते म्हणाले, "ताई, ते मला सांगता येणार नाही. आजी म्हणतात दीडच्या आधी तो दार खरवडत होता, म्हणजे तेव्हा तो उभा होता. साडेपाचला तो पडलेला होता. मधलं कुणालाच माहीत नाही."